कल्याणचा दगड

प्रिय छकुले,

फोन सोडून आईला पत्र कुठून सुचलं म्हणशील. घरात फोन एकच, अन् मी बोलायला लागले की तुझे आबा कान देऊन बसतात. हे त्यांच्यासमोर बोलता येत न्हाई. म्हणून शेजारच्या अंजूचा पेन मागून लिहून राह्यले. आईची चौथी पास अक्षरं आहेत, सांभाळून घे.

बाळाचं पोट दुखायचं थांबलं का? ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हलकीच शेकत जा. परवा तू म्हणलीस, गावी आले की आधी बाळाला टेकडीवर कल्याणदादाच्या दगडापुढं ठेवीन. आपल्यात गेलेल्या लेकराच्या नावानं माळावर शेंदूर लावून दगड मांडतात, अन् घरातलं नवं लेकरू आधी त्याला दाखवतात, म्हणून तू म्हणलीस ते बराबरच. मी नुसतं हं केलं. बाई गं, तो दगड आता न्हाई.

क्रशरवाल्यांनी निम्मी टेकडी खाल्ली, ते तू पाह्यलंच. दगडाभोवती आबांनी चुन्याची रेघ मारल्ती, सर्जेराव मुकादमानं तिथं सुरुंग लावणार न्हाई म्हणून शब्द दिल्ता. त्यानं तो पाळला बी. पण शेजारचा सुरुंग उडाला अन् सगळी कड ढासळली, तोच माल भरून क्रशरच्या मशीनला गेला. आबांना पत्ताच न्हाई, ते मशीनच्या तोंडाशी पहार घेऊन उभे. एक दगड जबड्यात आडवा अडकला, शेंदराची बाजू खाली. रोजच्यासारखी पहार घातली अन् ढकलला. पट्ट्यावरून तांबडी खडी यायला लागली तेव्हा ओरडले, बंद करा, बंद करा. तवर सगळं झाल्तं.

अंधार पडेपर्यंत ढिगात बसून तांबडे तुकडे वेचले अन् उपरण्यात बांधून घरी आणले. देवापाशी ठेवलेत. मी रडले, भांडले, त्या मशीनला नको नको ते बोलले. आबांनी कामावर जायचं सोडलं. काल शेळीचं पिल्लू नालीत पडलं, तर स्वतः उचलायचं सोडून मला हाक मारली.

मंग रात्री जेवताना म्हणले, छकुलीला येऊ दे, पण बाळ माझ्याकडं देऊ नका, या हातांनी मी कल्याणला ढकललं. आता सांग, या माणसाला मी काय समजावू?

म्हणून तुला लिहिलं. दगड आपण नवा मांडू, ते तुकडे त्याच्याखाली पुरू. पण जाफराबादहून जीपनं आलीस की मी भाकर-तुकडा ओवाळीन, तेवढं झालं की कुणाला काही न विचारता बाळ आबांपुढं घोंगडीवर ठेव अन् माझ्यासंगं चुलीपाशी ये. ते रडलं तरी तू जायचं न्हाई. मी बी जाणार न्हाई. लेकराचं रडणं त्यांना कधीच ऐकवलं न्हाई, उचलतील ते.

वाट बघणारी, तुझीच
आई