‘तीन बदाम’ या बोलीचा खरा अर्थ

मी, पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालेला ड्राफ्ट्समन, वय वर्षे एकाहत्तर, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत. गेल्या खेपेस डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीखच दिली नाही, तेव्हा मी काय ते समजलो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, बँकेतली ठेव आणि खाली वेगळे दिलेले सोडून घरातले सगळे सामानसुमान माझ्या पश्चात पत्नीचे. पत्त्यांवरून ती माझ्याशी आयुष्यात एकदाच भांडली, आणि ते भांडण अकरा वर्षे चालू आहे. तिचेच बरोबर होते.

कलम २. कंपासपेटी, शाईची पेने आणि कलते टेबल मुलीला. तीच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करील. कलम ४ वाचून तिला ती पेने घरात नकोशी झाली, तर खुशाल टाकून द्यावीत.

कलम ३. पत्त्यांचे हिरवे टेबल वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला. तो बोली लावायला इतका वेळ घेतो की समोरच्याचा दात दुखायला लागतो, पण माणूस सरळ आहे. आमच्या ब्रिज क्लबच्या सेक्रेटरीला काही देऊ नये आणि माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये.

कलम ४. हे कलम मुलीने क्लबच्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचावे.

माझा धाकटा भाऊ, शाळेत गणित शिकवायचा, घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात. आम्ही दोघे सव्वीस वर्षे ब्रिजमध्ये जोडीदार होतो. ज्यांना खेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाव सुरू होण्याआधी बोली लावतात, आणि जोडीदाराला आपली पाने फक्त बोलीतूनच कळवायची असतात. आम्ही रिले पद्धत खेळायचो. तीत एक जण नुसता विचारतो. तो सर्वांत जवळची, स्वस्त बोली लावतो. त्या बोलीत त्याच्या स्वतःच्या पानांबद्दल काहीच नसते, अर्थ एवढाच की अजून सांग. दुसरा पायरीपायरीने उत्तर देतो. पहिली पायरी म्हणजे अमुक, दुसरी म्हणजे तमुक. प्रतिस्पर्ध्यांनी विचारले तर त्या उत्तराचा ठरलेला अर्थ विचारणाऱ्याने उघड सांगायचा, हा नियम. ही सगळी उत्तरे मी एका सुट्या पानांच्या फाईलमध्ये छापल्यासारख्या अक्षरात लिहिली होती. पद्धत माझी, अक्षर माझे, आणि गर्वही माझाच.

अकरा वर्षांपूर्वी क्लबच्या करंडकाच्या अंतिम सामन्यात बारक्याने ‘तीन चौकट’ म्हणून विचारले. माझ्याकडे किलवरचे एकच पान होते. फाईलप्रमाणे त्याचे उत्तर दुसरी पायरी, म्हणजे ‘तीन इस्पिक’. मी ‘तीन बदाम’, म्हणजे पहिली पायरी, म्हणालो. मी विसरलो. समोरच्यांनी अर्थ विचारला, बारक्याने फाईलप्रमाणे अचूक सांगितला: “चौकटचं एकच पान.” त्यावर विसंबून त्यांनी चौकटने सुरुवात केली नाही, किलवरने केली. मग नियमाप्रमाणे मी माझी पाने टेबलावर पसरली तेव्हा चौकटची तीन निघाली. चौकटने सुरुवात झाली असती तर आम्ही हरलो असतो. आम्ही डाव जिंकलो आणि त्यांनी पंचांना बोलावले.

नियम साधा आहे. बोली लावणारा स्वतःची पद्धत विसरला तर तो गुन्हा नाही, निकाल कायम राहतो. जोडीदाराने अर्थ चुकीचा सांगितला तर मात्र दंड. मी फक्त “विसरलो” म्हणालो असतो तर करंडक आमचा होता. माझ्या तोंडून निघाले, “माझी बोली बरोबर आहे.” पंच म्हणाले, जेवणानंतर फाईल आणा. मी कोट ठेवायच्या खोलीत गेलो, ते पान काढले, तसलेच कोरे पान घेऊन पहिली आणि दुसरी पायरी उलटी करून लिहिली. एकवीस ओळी. नवे पान फाईलमध्ये लावले, जुने कोटाच्या खिशात घातले.

पंचांनी ते पान बारक्यापुढे धरले. त्याने ते हातात घेतले, पाहिले आणि म्हणाला, “माझी चूक झाली.” निकाल रद्द झाला. जाणूनबुजून खोटा अर्थ सांगितल्याचा ठपका ठेवून क्लबने त्याला दोन वर्षे बंदी घातली. त्यानंतर त्याने पत्ते हातात धरले नाहीत. शिक्षकांच्या खोलीतही लोक त्याच्यासमोर पत्ते गोळा करून ठेवायला लागले, हे मला पत्नीकडून कळले.

खरे पान मी जपून ठेवले आहे. ते या कागदासोबत टाचले आहे. बारक्याने बरोबर सांगितले होते.

कलम ५. हे मी जिवंतपणी का सांगितले नाही, असे सभेत कोणी विचारील. सांगायचा प्रयत्न केला, पण फार उशिरा. या वर्षी त्याला चार पत्रे लिहिली, चारही न फोडता परत आली. त्याच्या दारात दोनदा उभा राहिलो. जिने चढून इतका दम लागला की त्याच्या बायकोने पाणी दिले आणि तो घरात नाही म्हणून सांगितले. त्याच्या चपला बाहेर होत्या. सेक्रेटरीला फोन केला तर तो म्हणाला, “आता कशाला जुनी मढी उकरता? जाऊ द्या.” मला जाऊ देता येत नाही. मी मेल्यावर वाचला जाणारा कागद हा माझ्या उपयोगाचा कबुलीजबाब नाही. त्याने माझ्या तोंडून ऐकावे, एवढेच मला हवे आहे, आणि दिवस हातातून चालले आहेत.

कलम ६. म्हणून मी वकीलबाईंमार्फत बारक्याला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. त्या म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीच देता येत नाही. माझ्या वाटणीची जमीन त्याच्या नावे करायचे योजले होते. ती आता मुलीला. त्याला उंबऱ्याच्या आत आणायचा दुसरा मार्ग मला सुचला नाही.

कलम ७. हे कलम आज, साक्षीदार आणि वकीलबाई समोर बसले असताना लिहीत आहे. बारक्या आला. केस सगळे पिकले आहेत. म्हणाला, “सही कुठे करायची?”

मी म्हणालो, “आधी ऐक.” कलम ४ वाचून दाखवले. मध्ये तीनदा थांबावे लागले. त्याने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

“माहीत आहे, दादा,” तो म्हणाला. “ते पान हातात घेतलं तेव्हा अंगठ्याला शाई लागली.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो.”

“अकरा वर्षं?”

“नाही. पहिलं वर्षभर. नंतर सोडून दिलं.”

मी त्याची माफी मागितली. पत्नी आतल्या खोलीत निघून गेली. त्याने वकीलबाईंकडे पेन मागितले. मी उद्या परत ये म्हणालो. त्याने सही कुठे करायची ते पुन्हा विचारले. जे झाले तसे लिहिले आहे.

वरील मजकूर मी शुद्धीवर लिहिला, वाचला, आणि दोघांच्या देखत खाली सही करत आहे.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: सतरा मार्च, सकाळी साडेअकरा

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १. सही: दंतवैद्यांच्या दवाखान्यातील कंपाउंडर. नाते: शेजारी.

साक्षीदार २. सही: निवृत्त गणित शिक्षक. नाते: भाऊ. मजकूर ऐकला. माझे काही म्हणणे नाही.