आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी बस

४ नोव्हेंबर
आजपासून अस्वस्थपणा बंद. खेड्यांसाठीच्या छोट्या बसचं डिझाइन कंपनीने माझ्याकडे दिलंय. पहिली बस आईच्याच गावाला जाणार! जुन्या बसच्या उंच पायरीपायी आईने शहरात येणंच सोडलंय. आता येईल.

५ नोव्हेंबर, सकाळी
हॉलभर खडूने बस आखली. बायको म्हणाली, बस राहू दे, गाडी काढ आणि आईंना घेऊन ये. हिला सिस्टिम म्हणजे काय ते कळत नाही. एकट्या आईला आणून खेड्यांचा प्रश्न सुटतो का?

१९ नोव्हेंबर
पायरी आणखी खाली घेतली. त्यासाठी अख्खी बसच खाली घ्यावी लागली. साहेबांनी विचारलं, रस्ता बघून आलास ना? म्हटलं, माझंच गाव आहे, सर.
शेवटचा कधी गेलो होतो, आठवेना. रविवारी नक्की.

सोमवार, २५ नोव्हेंबर
काल गेलो नाही. सीटच्या कापडाचा रंग ठरेना. दिवसभर घरात येरझाऱ्या. बायको म्हणाली, एवढं चालला असतास तर गाव आलं असतं.

१२ मार्च, दुपारी
आज गावाकडे चाचणी. ऑफिसात बसून निकालाची वाट पाहणं जास्त शास्त्रीय. बसवत मात्र नाहीये. उगाच हात धुऊन येतोय.

संध्याकाळी
आईचा फोन. चढायला अगदी उंबरठा ओलांडल्यासारखं वाटलं, म्हणाली. उतरणंही सोपं, कारण लगेच उतरावंच लागलं. पुलाजवळच्या उंचवट्यावर बसचं पोट टेकलं. सगळ्यांनी ढकलली, आईनेसुद्धा. मग चालत घरी. म्हणाली, तो उंचवटा तू शाळेत जायचास तेव्हापासून तिथेच आहे रे.
बस निर्दोष आहे. रस्ता खाली घ्यावा म्हणून अर्ज करायचा.

१४ मार्च
बायकोने गाडीची किल्ली हातात कोंबली, म्हणून गेलो. गाडीत शिरायला आईला वाकताच येईना. शेवटी गाडी तिच्या दारात ठेवून दोघं जुन्या बसने निघालो. पायरी तेवढीच उंच. मी कोपराला धरलं, आई चढली. वर गेल्यावर म्हणाली, झालं की.

१५ मार्च
आई सोफ्यावर पाय पसरून बसलीय. गाडी आणायला पुन्हा गावी जाणं आलं.
नवीन डिझाइन: पायरीपाशी कोपर धरणारा यांत्रिक हात. आजच आखायचं होतं.
बायकोने खडू लपवलाय.