दोघांचा परवाना

प्रिय मित्रा,

तुझे लग्न झाल्यानंतर तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा कर. हे मी टपालात टाकणार नाही.

आपण ठरवलेल्या त्या अभयारण्यातल्या निर्जन किनाऱ्यावर काल मी एकटीच गेले. कासवांची पिल्ले पावलांच्या खळग्यांत अडकतात, म्हणून परतताना मागे फांदी ओढत आपलेच ठसे पुसायचे असतात. वनरक्षकाने दोन फांद्या पुढे केल्या.

“ताई, साहेब कुठं राहिले? परवाना दोघांचा आहे.”

“त्यांना बरं नाही.”

“मग पुढच्या वर्षी ओढून आणा त्यांना. एकट्यानं पुसताना कंबर मोडते.”

मी हसून मान डोलावली. तुझे लग्न झाले, हे वाक्य मला लिहिता येते. मोठ्याने अजून म्हणता येत नाही.

तुझी जुनी वर्गमैत्रीण
१७ मार्च, दुपारी चार