दोन्ही संघांचा क्वार्टरबॅक

६ ऑक्टोबर
वही, उशिराबद्दल माफी असावी. मार्चनंतर लिहिलं नाही. सवड नव्हती. सवड होती तेव्हा पेन नव्हतं.
ठरवलंय: थँक्सगिव्हिंगला जेवणाआधी घरची फुटबॉलची मॅच असते, तीत यंदा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाताने फेकून देणारा, मी. अजून कोणाला सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी आमच्या रॉडनीने चेंडू फेकायला दिला तो गसला. गस म्हणजे माझ्या बायकोचा, आर्लीनचा भाऊ. माझ्याहून मोठा, नुकताच हृदयाचं ऑपरेशन करून आलेला, तरी दोन्ही संघांकडून तोच फेकत होता. कोणी त्याला बोट लावेना, इतका मान. आणि मी, रॉडनीचा सख्खा बाप, खुर्चीत सगळ्यांचे कोट सांभाळत होतो. पहिल्या डावात धावल्यावर मला जरा बसावंसं वाटलं, एवढंच निमित्त.
उद्यापासून सराव.

७ ऑक्टोबर
गुडघा. टीव्हीवर मॅच पाहिली. अभ्यास हाही सरावच.

१० ऑक्टोबर, सकाळ
मागच्या अंगणात मेपलला जुना टायर टांगला. शाळेत कोच असंच करून घ्यायचे, टायरच्या भोकातून चेंडू गेला पाहिजे. मी तेव्हा तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक. पहिले दोघे आजारी पडले असते तर गावाने पाहिलं असतं. पुढे शाळा सुटली, पोलादाच्या कारखान्यात लागलो, ते राहिलंच.
टायर फार उंच बांधला गेलाय. आर्लीन खिडकीतून म्हणाली, टायर आहे तिथे ठीक आहे, चेंडूच तिथवर पोचत नाही. तिला वाऱ्यातलं काही कळत नाही.

१४ ऑक्टोबर
पायांचा सराव. चेंडू हातात आला की तीन पावलं मागे, थांबायचं, फेकायचं. नजर पुढेच. तिसऱ्या पावलाला आर्लीनची शेवंती आली. शेवंतीत बसलो. ती म्हणाली, व्हर्न, मागे बघून चाल. मी समजावलं, मागे बघणारा क्वार्टरबॅक कसला. म्हणाली, आणि उताणा पडणारा कसला?
शेवंती चुकीच्या जागी लावलेली आहे. गुडघ्याला शेक.

२२ ऑक्टोबर
गेला. टायरमधून आरपार. आधी गॅरेजच्या दाराला लागून मग गेला, पण टायरला ते कुठे ठाऊक.

२३ ऑक्टोबर
खांदा. हात डोक्यावर जात नाही. केस आर्लीनने विंचरून दिले.

२ नोव्हेंबर
धावत्या माणसाकडे फेकायचा सराव हवा. आर्लीनला म्हटलं, दोरीवरचे कपडे घेऊन आत जाशील तेव्हा जरा जलद जा. फेकला. टोपलीत पडला. ती म्हणाली, मी टोपली पुढे केली म्हणून.
नोंद: टोपलीत पडला.

११ नोव्हेंबर
रॉडनीचा फोन नाही. फोन चालू आहे का पाहिलं. चालू आहे. दुपारी पुन्हा पाहिलं. त्याच्या फोनवर निरोप ठेवला, हात तयार आहे म्हणून. मग वाटलं, नुसतं हात म्हटल्यावर तो काय समजेल? पुन्हा निरोप ठेवला. आर्लीन म्हणाली, त्याला कामं असतात, तू बस खाली. बसलो. उठलो.

१८ नोव्हेंबर
आला फोन. रॉडनी म्हणाला, डॅड, यंदा तूच फेक, दोन्ही संघांकडून.
एका संघाने मला मागितलं असणार, दुसरा अडून बसला असणार. गस बिचारा. आर्लीनला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, शेवंतीचं मीच कळवलं होतं त्याला. म्हणजे सरावाची कीर्ती तिथवर पोचली.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग, संध्याकाळ
खेळलो. कोणी माझ्या अंगावर धावून येईना. दरारा. गस सशासारखा पळत होता, माझे दोन चेंडू त्याने झेलले.
टर्की खाताना त्याला मोठ्या मनाने म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, पुन्हा कधी तुलाही मिळेल. गस म्हणाला, नको रे बाबा, मागच्या वर्षीचं पुरे झालं. ज्याला पळता येत नाही त्याला आपण फेकायला ठेवतो आणि त्याला कोणी धक्का लावायचा नाही, नियमच आहे. यंदा डॉक्टरने मला पळायला सोडलं आणि तुझा गुडघा गेला.
आर्लीनने मला आणखी ग्रेव्ही वाढली. रॉडनी म्हणाला, पुढच्या वर्षी बहुतेक मीच, माझ्या पाठीचं ऑपरेशन आहे.

२८ नोव्हेंबर
टायर काढलेला नाही. गुडघा आज बरा आहे. हे कोणाला बोललेलो नाही. रॉडनीच्या फोनवर निरोप ठेवला: पुढच्या वर्षी कोण फेकणार ते लवकर कळव, बाळा. म्हणजे गुडघा बरा होऊ द्यायचा की नाही, ते मला ठरवता येईल.