मेंढ्यांची वये

वडूज,
१४ डिसेंबर १९७८

चि. सयाजी यास,
लालाकाकाचे अनेक आशीर्वाद. मी व तुझी काकू येथे खुशाल आहोत. इस्लामपूरच्या आपल्या उसाला यंदा तोड वेळेवर मिळाली.

तुझे पत्र पंधरा दिवसांपूर्वी पोहोचले. उत्तरास झालेल्या विलंबाचे कारण कामाचा व्याप नव्हे. ते पुढे येईलच.

प्रथम आभार मानतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मेंढीच्या डोळ्यातील भिंगात लेसरचा प्रकाश सोडायचा, विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगात पडलेला सूक्ष्म फरक मोजायचा आणि भिंगाला बोटही न लावता ते किती ताठर झाले हे सांगायचे, ही गोष्ट तू मला न कंटाळता दोनदा समजावलीस. शिवाय कापलेल्या मेंढ्यांचे डोळे बर्फाच्या थर्मासातून पुण्यास तुझ्या प्रयोगशाळेत पाठवण्याचे व प्रत्येकावर वयाची चिठ्ठी लावण्याचे काम विश्वासाने सोपवलेस. या वयात एवढा मान मला कोणी दिला नव्हता.

आता तुझ्या अडचणीविषयी. अडीच वर्षांच्या व चार वर्षांच्या मेंढीची भिंगे सारखीच ताठर दिसतात. तुझे मार्गदर्शक सर म्हणतात, यंत्र चुकते किंवा तुझा हात. आणि उलगडा न झाल्यास जानेवारीत शिष्यवृत्ती थांबेल.

पत्र वाचून त्याच दिवशी मी मेंढपाळ धुळाकडे गेलो. स्वतःच्या कळपातील मेंढ्यांची वये तो नेमकी सांगत असे. बाजारातून आलेल्यांची मी दात मोजून लिहीत असे. एका मेंढीचा जबडा उघडून म्हणालो, "सहा दात, म्हणजे चार वर्षे."

धुळा हसत खालीच बसला. "आवं सायेब, ह्यो काय बैल हाय व्हय? मेंढराला सा दात अडीच वर्सात येत्यात. तुमा ऊसवाल्यास्नी समदी जनावरं बैलच दिसत्यात!"

त्याची बायको हरणाबाई म्हणाली, "पर चिठ्ठ्या लय देखन्या लिवल्यात सायेबांनी!"

सयाजी, मी जन्मभर हिशेब तपासून इतरांच्या चुका काढल्या. स्वतःची कळल्यावर मात्र पंधरा दिवस गप्प राहिलो, आणि तू तिकडे निर्दोष यंत्र रोज उघडून जुळवीत बसलास. मी चार वर्षांची म्हणून लिहिलेली मेंढी अडीचचीच होती; माझ्या चिठ्ठीला न कळलेले वय त्या प्रकाशाला कळले होते.

दातांच्या माझ्या नोंदींवरून धुळाने सांगितलेली दुरुस्त वये सोबत जोडली आहेत. खाली त्याचा अंगठा, त्याखाली माझी सही. हे पत्र सरांना जसेच्या तसे दाखव. काकाची लाज राखण्यासाठी एकही ओळ झाकू नकोस.

तुझ्या हाताविषयी निःशंक असलेला,
लालासाहेब