लहान ट्रेलर

रविवार, संध्याकाळ

मीराला घेऊन डोंगराकडं जाता यावं म्हणून आज सायकलला जोडायचा ट्रेलर बघितला. पोरगी पाच वर्षांची झाली, पण आजारामुळं मान धरत नाय. पडेगावच्या कच्च्या वाटेवर तिला बसवून मोठा ट्रेलर ओढून बघितला. पहिल्याच खड्ड्यात तिची मान कलंडली. ती हसत होती, मी सायकल थांबवून तिची मान सावरली. लहान ट्रेलरमध्ये मान नीट टेकली.

दुकानदार म्हणाला, "साहेब, मोठाच घ्या. पोरगी वाढंल, चार-पाच वर्षं चालंल."

डॉक्टरांनी दोनच वर्षं सांगितलीत, हे त्याला काय सांगू?

"लहानच द्या," मी म्हणालो.

बायको तोंड फिरवून उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्ही आशा सोडली."

मान टेकत होती म्हणून घेतला, असं मी सांगितलं. तिला पटलं नाय. मला तरी कुठं पटतंय?