जुना पत्ता आणि मामाचा मान

बोईसर

ती. दामूदाजी यांस मारुतीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे बसल्याजागी घातला आहे, पोचला असे समजावे). आक्काची कंबर कशी आहे? पालघरच्या नव्या घरात पाणी वेळेवर येते ना? गुडघा सोडून माझी प्रकृती ठणठणीत. अब्रूबद्दल विचारू नये.

हेमांगीने तुम्हाला सांगितले असेलच, पण थोडक्यात, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या कामगार वाचनालयाचे संकेतस्थळ (जे तुमची लेक फुकट सांभाळते) तिने नव्या सर्व्हरवर हलवले आणि त्यावर माझा जाहीरनामा टाकला. सगळ्यांना तो दिसला. माझ्या संगणकावर मात्र तेच जुने पान. मग मी तिला विचारावे की नाही? छे! थेट सर्वसाधारण सभेत उभा राहिलो आणि विचार दडपणाऱ्या हातांचा निषेध केला. हात कोणाचे, तेही सांगितले (तुमच्या लेकीचे). मुरबे गावची गोदूबाई पहिल्या रांगेतून ओरडली, "अवो मारुतीभाऊ, माझ्या मोबाइलात हाय ना!" मी गरजलो, "तो तुम्हाला दाखवलेला भास आहे!" (बाहेरचा चहावाला दचकून आत डोकावला.)

संध्याकाळी हेमांगीचा फोन. "मामा, तुमच्या संगणकानं संकेतस्थळाचा जुना पत्ता पाठ करून ठेवलाय. त्याला तो विसरायला लावा." तिने काळी खिडकी उघडायला लावली आणि हुकूम सांगितला: आयपीकॉन्फिग, मोकळी जागा, तिरकी रेघ, फ्लशडीएनएस. मी टंकला. यंत्र म्हणाले, तुम्हाला अधिकार नाही. मला! तारापूरच्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर हक्कांविषयी बोललेल्या माणसाला! उपाय एकच, ती खिडकी 'प्रशासक म्हणून' उघडायची. दाजी, उभी हयात प्रशासनाविरुद्ध घसा फोडला आणि शेवटी एका यंत्रापुढे निमूटपणे स्वतःला प्रशासक म्हणवून घेतले. हुकूम चालला. जाहीरनामा समोर आला. वाचला. (जुने पान बरे होते.)

"दिसलं?" तिने विचारले. मी हो म्हणालो. "मग मार्गशीर्षात मला मंडपात चिंतूमामा आणेल," म्हणाली आणि फोन ठेवला. आपला चिंतू! वरमाला विसरून हा भाचीला जेवणाच्या पंगतीत नेऊन बसवेल. पण दाजी, ती तान्ही होती तेव्हापासून हा मान मी मनात धरून बसलो आहे.

तुमचा,
मारुती

ता. क. आक्काने मध्यस्थी केली. त्याच सभेपुढे, दोन वाक्यांत माफी मागितली तर हेमांगी मला मामा म्हणून उभे करणार आहे. पहिले वाक्य लिहून झाले. चार पानांचे आहे.

ता. क. पुन्हा. खरे काम हे, की येत्या रविवारी सभेला पहिल्या रांगेत बसावे. मी "परंतु" म्हणताच जोरात टाळ्या सुरू कराव्यात आणि मी खाली बसेपर्यंत थांबू नये. टाळ्या ऐकल्या की मला वाटते, मुद्दा पटला, आणि मी खाली बसतो.